नाथामामाने मोजलेला गुडघा

आमच्या नाथामामाकडे एक पट्टी आहे, तिचा फूट खऱ्या फुटापेक्षा मोठा आहे. ती पट्टी घेऊन भूमितीच्या पेपरला बसलात तर नापास. मामा मात्र तिच्यावर तीस वर्षं घर चालवतोय. तो डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर आहे. लोखंडाची जी वस्तू ओतायची, ती तो आधी सागवानात कोरतो. मग तिचा ठसा वाळूत घेतात आणि त्या पोकळीत लोखंडाचा रस ओततात. लोखंड गार होताना आकसतं, म्हणून लाकडी नमुना तेवढाच मोठा करावा लागतो, म्हणून ती पट्टी. हे मला पाठ आहे, कारण घरात येणाऱ्या प्रत्येकाला मामा ते सांगतो. पट्टी नाकासमोर आडवी, डावा डोळा मिटलेला, "धातू आकसतं, मानूस फुगतं. आपुन आधीच ध्यानात ठेवाचा." मग ख्यॅक् ख्यॅक् हसतो. दोनदाच, मोजून.

'अंदाजे' हा शब्द त्याला शिवीसारखा लागतो. शिंपी म्हणाला, "नाथाशेठ, कॉलर थोडी सैल ठेवतो," तर मामा, "थोडी म्हंजे किती?" प्लंबर म्हणाला, "असेल चार-पाच फूट," तर मामा, "चार का पाच?" मामीने आमटीत मीठ जास्त घातलं तरी विचारणार, "किती जास्त?" मी ही नक्कल करते तेव्हा सगळ्यात मोठ्याने गोदामामी हसते. तिचं हसणं पोटातून येतं, आणि शेवटी "मेली" असं म्हणून ती मला एक धपाटा घालते.

मामीला माप लागत नाही. डोंबिवली पश्चिमेला, मोठागावच्या वाटेवर, मासळीच्या गल्लीत तिची सासूपासूनची जागा आहे. उजवा पाय दुमडून विळीच्या पाटावर घट्ट दाबायचा, डावा गुडघा उभा, आणि सुरमईचे तुकडे सपासप. बोलता बोलता, भावावरून भांडता भांडता, खाली न बघता. मामा तिला बघायला कोलशेतला गेलेला तेव्हा ती अशीच अंगणात मासे कापत होती. मामाने म्हणे खिशातून व्हर्नियर, ती मिलिमीटरचाही भाग मोजणारी सरकपट्टी, काढलं आणि तिने कापलेले अकरा तुकडे मोजले. एकातही मिलिमीटरचा फरक नाही. "तवाच हो बोललो," मामा सांगतो. मामी म्हणते, "खोटं. आधी खाल्लान, मंग मोजलान."

तर या मामीचा उजवा गुडघा गेला. एकदम नाही, तीन-चार वर्षं चाललेलं. आधी उठताना "आई गं", मग बसताना "आई गं", मग नुसतंच "आ". चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर मामा तिला ठाण्याला एका मोठ्या हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मीही गेलेले, कारण मामीला दवाखान्यातलं बोलणं अर्धं समजतं आणि मामाला बाकीचं अर्धं.

डॉक्टर पुण्याकडचे. शब्दाशब्दात श्वास घेऊन बोलायचे. "हे बघा, मावशी. सांध्यातली गादी झिजली आहे. आता हाडावर हाड घासतंय. सांधा बदलावा लागेल."

पैशाचा प्रश्न नव्हता. मामीच्या माहेरची खाजणातली जागा एका कंपनीने घेतलेली, तिचा वाटा बँकेत होता. मामीचा प्रश्न एकच होता, आणि तो तिने पहिल्यांदाच विचारला.

"मना खाली बसाला येल नं?"

डॉक्टरांनी तिच्या पोटरीला हात लावून गुडघा वाकवून बघितला. "उकिडवं नाही. मांडी घालूनही नाही. पण आत्ता तुमचा गुडघा काटकोनाच्या पुढे बराच वाकतो. ऑपरेशनआधी जितका वाकतो, साधारण तितकाच नंतर वाकतो. तेव्हा लवकर केलंत तर फूटभर उंचीच्या ठोकळ्यावर बसता येईल. तिथून विळी चालवाल तुम्ही."

मामीने मान हलवली. फूटभर म्हणजे किती ते तिने हातानेच जमिनीपासून बघितलं. चालण्यासारखं होतं.

मग डॉक्टरांनी सांधा दाखवला. खालचा भाग, वरचा भाग, मध्ये पांढरी गादी. सगळं चकचकीत. मामाच्या हाताची बोटं लगेच त्याच्या कडेवरून फिरायला लागली. "हा तयार येतो," डॉक्टर म्हणाले, "लहान ते मोठा अशा सहा-सात मापांत. बाहेरच्या देशात बनतात, आणि आपल्या बायकांची हाडं लहान. मावशींना हाच, सगळ्यात लहान लागेल. कदाचित कडेला एखाद-दोन मिलिमीटर बाहेर राहील. चालतं तेवढं."

संपलं. 'चालतं' ऐकल्यावर मामाने तो सांधा टेबलावर असा ठेवला, जसा लोक दुसऱ्याच्या ताटातला मासा ठेवतात.

"म्हंजे रेडीमेड."

"तसं म्हणा."

"आनि बसला नाय तर?"

"आम्ही हाड थोडं तासून घेतो. प्रत्येक मापाला साचे असतात, त्याप्रमाणे."

"हाड तासनार!" मामा माझ्याकडे वळला. "बाय, आयकलंस? दरवाजा बसं ना म्हनून भित तासनार."

डॉक्टर हसले. वाईट माणूस नव्हते. "मापाचा करून घेता येतो. पण तो आम्ही कधी मागवतो? हाड फारच वेडंवाकडं असेल, किंवा आधीचं एखादं ऑपरेशन बिघडलं असेल तेव्हा. त्याला महिनोन् महिने जातात. मावशींना त्याची गरज नाही."

"मापाचा घेतला तर ती उकिडवी बसंल?"

"नाही. कुठलाही घेतलात तरी नाही."

हे वाक्य मी अगदी त्यांच्यासारखं म्हणून दाखवू शकते, दोन्ही 'नाही'वर सारखाच जोर देऊन. मामाने ते ऐकलं, पण घेतलं नाही. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "त्याच्याकडं रेडीमेड हाय, तर त्यो रेडीमेडच बोलनार. मापाची वस्तू पुरी फिरते, गोदे. बेअरिंग मापाची नसली का अरकते, मापाची असली का गरगर. तुना मी उकिडवी बसवीन."

मामी बाहेरच्या बाकावर टेकलेली. तिने हात परत जमिनीपासून फूटभर धरला होता तो हळूच खाली नेला, पार जमिनीला टेकेपर्यंत. मामाचं माप कधी चुकलेलं तिने बघितलं नव्हतं. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. मामाने दवाखान्यातून आणलेली एक्स-रेची फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवली, उजेड मागून. चष्मा पुसला. व्हर्नियर पुसलं. मग काचेवर नाक लावून हाडाची रुंदी मोजली. एकदा, दोनदा, पाचदा. सहासष्ट मिलिमीटर. पाचही वेळा सहासष्ट. वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग त्याला ज्याची चीड आली ते हे. डॉक्टरांच्या टेबलावरच्या त्या सगळ्यात लहान सांध्याची रुंदी त्याने बोटाने घेतली होती, आणि मामाचं बोट मिलिमीटरही चुकत नाही. एकसष्ट. "एकसष्ट! आनि त्यो बोलतो मोठा परंल, बाहेर येल. अरे पाच मिलिमीटर लहान हाय! अंदाजे मानूस! अशा मानसाच्या हातात गुरघा देवाचा?"

मी म्हटलं, "मामा, एकदा त्यांना विचार ना."

"काय विचाराचा? माप भितीवर हाय."

डॉक्टर म्हणत होते मोठा पडेल, व्हर्नियर म्हणत होतं लहान पडेल. दोघांतला एक चुकत होता. मामाने जन्मभर ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याच्यावरच ठेवला. मीही व्हर्नियरकडेच होते, खरं सांगते. डॉक्टरांची नक्कल करून मी त्या दिवशी मामाला खूप हसवलं. तो दोनच्या ऐवजी पाच वेळा हसला.

त्याच दवाखान्याच्या जिन्यात मामाला आनंद भेटलेला. आनंद म्हणजे ब्रीफकेस, टाय, आणि टायवर वडापावच्या चटणीचा डाग. हा दवाखान्यांना सामान पुरवणारा एजंट. त्याचं बोलणं धावतं. "काका, टेन्शन नाय लेनेका. कस्टम पाहिजे ना? कस्टम भेटेल. आपली पार्टी हाय गुजरातमधे, एकदम फर्स्ट क्लास माल, फॉरेनच्या तोडीस तोड. तुम्ही फक्त माप द्या, ड्रॉइंग द्या, दोन महिन्यात गुडघा तुमच्या दारात."

"ड्रॉइंग?" मामाचा चेहरा उजळला. गुडघ्याच्या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच कोणी त्याच्या भाषेत बोललं होतं.

ड्रॉइंग नुसतं कशाला? मामाने सागवानात गुडघा कोरला. तीन आठवडे, कामावरून आल्यावर. समोरून, बाजूने, दोन्ही फिल्म बघून. मामी पाय लांब करून बसलेली आणि तिच्यासमोर तिचाच गुडघा लाकडाचा होत चाललेला. तिने एकदा तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाली, "माजा येवरा मोठा हाय?"

"फोटो हाय नं तुजाच," मामा म्हणाला.

या वेळी त्याने ती मोठ्या फुटाची पट्टी वापरली नाही. ओतणारे आकसण्याचं त्यांचं ते बघतील, आपण खरं माप द्यायचं, असा त्याचा हिशेब. इतका तो काळजीपूर्वक.

लाकडी गुडघा आनंदच्या ब्रीफकेसमध्ये बसून गुजरातला गेला. जानेवारी पंच्याण्णव. आणि मग फोन सुरू झाले. फोन वाण्याच्या दुकानात, मामा कानाला लावून उभा, आणि पलीकडून आनंद इतक्या मोठ्याने बोलायचा की मला वहीत लिहून घेता आलं असतं.

मार्च : "काका, डाय बनतेय, डाय, साचा! डायशिवाय काय होत नाय."

एप्रिल : "पॉलिशला गेलाय. आरशासारखा पाहिजे ना, मावशीचा गुडघा हाय!"

मे : "ट्रान्सपोर्टवाल्यांचा लफडा झालाय."

जून : "मी स्वतः जाऊन आणतो, आईशप्पथ."

मी हे चारही महिने एका दमात करून दाखवायचे. पहिल्यांदा सगळे हसले. जूनला कोणी हसलं नाही, मी बंद केलं.

कारण इकडे मामी वर चढत चाललेली. नोव्हेंबरात ती जमिनीवर बसत होती, दात आवळून. जानेवारीत पाटावर. मार्चमध्ये मासळीचं खोकं उलटं करून त्याच्यावर. मे महिन्यात खोक्यावर खोकं. शेजारची आवडाबाई, जिच्याशी तिचं वीस वर्षांचं गिऱ्हाइकांवरून भांडण, ती ओरडायची, "अगो गोदे, वर चालली कुठं? आता माळ्यावरनं मासे इकशील का?" सगळी गल्ली हसायची, मामीसुद्धा. मग एके दिवशी आवडाबाईने काही न बोलता मामीची टोपली उचलून तिच्या हाताशी ठेवली. मामीला तो दिवस सगळ्यात वाईट गेला. "तिना शिवी दिली आस्ती तर बरा होता," ती घरी म्हणाली. जूनपासून तिने गल्लीत जाणंच सोडलं. गुडघा आखडत होता. दर आठवड्याला थोडा, डोळ्याला न दिसणारा.

"थांब गं," मामा म्हणायचा, "एकदा मापाचा येऊं दे." तो तिच्या पायाला तेल चोळायचा, आणि चोळताना गुडघा वाकवायला बघायचा, आणि ती त्याचा हात धरायची.

ऑगस्टमध्ये डबा आला. निळ्या मखमलीत सांधा. मामाने हात धुतले, मगच उघडला. व्हर्नियर लावलं. सहासष्ट. त्याचे डोळे भरून आले. गुजरातमधल्या कोणा न बघितलेल्या माणसाने त्याचं माप जसंच्या तसं पाळलं होतं. "कारागीर हाय," तो म्हणाला. "कोन हाय कलत नाय, पन कारागीर हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्याला. डॉक्टरांनी आधी मामीला बघितलं. "इतके दिवस कुठे होतात?"

मामाने डबा टेबलावर ठेवला. मग एक्स-रेची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि चकचकीत सांधा हाडाच्या चित्रावर धरला. काय बसला! कडेला केसभर जागा नाही, केसभर बाहेर नाही. हाड आणि सांधा एकच वाटावं. मामाने डॉक्टरांकडे बघितलं. दोन मिलिमीटर 'चालतं' म्हणणाऱ्या माणसाकडे त्याने असं बघितलं की मला टाळी वाजवावीशी वाटली.

डॉक्टरांनी सांधा हातात घेतला, मामीच्या गुडघ्याजवळ नेला, परत फिल्मजवळ आणला. मग टेबलावरचा दिवा पेटवला आणि आपला हात दिव्यासमोर धरला. भिंतीवर हाताची सावली पडली. पंजाएवढा पंजा.

"नाथाभाऊ, हे बघा." त्यांनी हात भिंतीपासून दिव्याकडे सरकवला. सावली फुगली. बोटं केळ्यांएवढी. "एक्स-रे म्हणजे सावली. हाड फिल्मला चिकटून नसतं, मध्ये मांस असतं, अंतर असतं. म्हणून सावली खऱ्यापेक्षा मोठी येते. दहा टक्के धरा. मावशींचं हाड साठच्याही आत आहे. हा सांधा..." त्यांनी तो बोटांत फिरवून बघितला. "काम सुंदर आहे हो. पण हा सावलीच्या मापाचा आहे."

मामा भिंतीकडे बघत होता. डॉक्टरांनी हात कधीच खाली घेतला होता, पण तो बघत होता. ज्याने तीस वर्षं आकसणारं लोखंड आधीच ध्यानात ठेवलं, त्याला हे फुगणारं कोणी सांगितलं नव्हतं. आणि ज्याने सांगितलं असतं त्याला त्याने विचारलं नव्हतं.

"मंग तासून..." तो म्हणाला.

"नाही तासता येणार. तयारच बसवू. सगळ्यात लहान." डॉक्टरांनी मामीचा पाय परत हातात घेतला, वाकवला. मामीने टेबलाची कड धरली. "पण मावशी, आता हा काटकोनापर्यंतही वाकत नाही. गेल्या वेळी फूटभर ठोकळ्याचं म्हटलं होतं मी..."

"नाय जमनार?" मामीने विचारलं.

"खुर्ची," डॉक्टर म्हणाले.

बस. एकच शब्द. मला सगळ्यांचे आवाज येतात, पण तो 'खुर्ची' मी कधी करून बघितला नाही.

घरी येताना रिक्षात मामा मध्ये, डबा मांडीवर. मामीने बाहेर बघत विचारलं, "गॅसवर दूध तसाच रायला का?" मामा म्हणाला, "आकरा..." आणि थांबला. मला कोलशेतच्या अंगणातले ते अकरा तुकडे आठवले.

सप्टेंबरात ऑपरेशन झालं, तयार सांधा, एकसष्टचा. नीट झालं. डॉक्टर म्हणाले, दोन मिलिमीटरही बाहेर नाही. मामी महिन्याभरात काठीने चालायला लागली, दिवाळीला काठीशिवाय. दुखणं गेलं. 'आई गं' गेलं. मोठागावच्या देवळापर्यंत जाऊन येते. सगळे म्हणतात, केवढं बरं झालं, आणि ते खरंच आहे. फक्त खुर्चीपेक्षा खाली ती जात नाही.

मामाने विळी ठेवायला तिवईसारखा उंच लाकडी घोडा बनवला. या वेळी माप फिल्मवरून नाही, मामीला खुर्चीवर बसवून, तिच्या कोपरापासून. गल्लीत मांडला. दोन दिवस चालला. विळीचा पाट पायाने दाबावा लागतो, आणि पाय तर खाली. पाट हलायचा, तुकडे वाकडे पडायचे. शिवाय सगळ्या बायका जमिनीवर, मामी वर. गिऱ्हाईक टोपलीत बघणार का मान वर करून मामीकडे? आवडाबाई म्हणाली, "आली बघा कलेक्टरीनबाय," पण तिचाही आवाज चढला नाही. घोडा घरी आला. आता त्याच्यावर कुंडी आहे.

मग मामाने रविवारी स्वतः बसायचं ठरवलं. मी सांगते ते मी परवाच बघितलं. मामा मामीच्या जागेवर जमिनीवर, लुंगी गुडघ्यावर, विळी पायाखाली. मामी मागे खुर्चीवर. समोर एक बाई, पिशवी घेऊन, सुरमईसाठी थांबलेली.

मामा सुरमईकडे बघतोय. डावा डोळा मिटलेला. अंगठा आणि बोट यांत अंतर धरून माशावर खुणा करतोय.

"अवो, कापा ना," मामी म्हणाली.

"किती जाड?"

"अंदाजे कापा."

"अंदाजे म्हंजे किती?"

गल्लीतल्या बायका हसल्या. ती पिशवीवाली बाई घड्याळ बघायला लागली. मामाने कापलं. विळी अडकली, तुकडा फाटला. दुसरा कापला, तोही. "अवो, आसं नाय. मनगट सोरा. हातानं नाय, मनगटानं. बाजू सरा, मी दाखवतंय."

आणि मामी सवयीने वाकली. खुर्चीच्या कडेला आली, उजवा पाय पुढे ताठ, डावा हात खुर्चीला धरलेला, उजवा हात विळीकडे. बोटं हवेत तसं मनगट फिरवत होती, सपकन्, सपकन्, जणू सुरमई तिथेच आहे. विळी त्या बोटांच्या वीतभर खाली होती.

मामाने वर बघितलं. त्याचा एक हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला, जिथे व्हर्नियर असतं, आणि तिथेच राहिला.

"राहू दे, मावशी," ती बाई म्हणाली. "मी उरलेली अख्खीच नेते. घरी कापीन."